चोवीस हजार कोटी दाणे आणि एक लेख

लातूर जिल्ह्यात खरिपात सोयाबीनचा पेरा चार लाख हेक्टरांच्या वर जातो. हेक्टरी बियाण्याची शिफारस ७५ किलोची आहे. म्हणजे एका हंगामात तीन कोटी किलो बियाणं लागतं. शंभर दाण्यांचं वजन साधारण १२ ग्रॅम धरलं तर एका किलोत आठ हजारांवर दाणे बसतात. गुणाकार केला की आकडा येतो २४ हजार कोटी. मृगाचा पाऊस वेळेवर झाला तर पंधरा-वीस दिवसांत एका जिल्ह्यातली माणसं एवढे दाणे मातीत घालून मोकळी होतात.

आता जगाचा एक आकडा. व्हॉट्सॲपवरून दिवसाला दहा हजार कोटी मेसेज जातात, असं कंपनीनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं. हे सगळे मेसेज एकट्या लातूर जिल्ह्याच्या माणसांना वाटून दिले, २०११ च्या जनगणनेप्रमाणे २४ लाख ५४ हजार जणांना, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला चाळीस हजारांवर मेसेज येतील. झोपेतही दर दोन सेकंदांना एक. आणि तरीही आमच्या जिल्ह्याची एका हंगामाची पेरणी या आकड्याच्या जवळपास अडीच पट भरते.

हा हिशेब मी मुद्दाम आधी मांडला. लातूर-नांदेडकडचा छोटा व्यावसायिक, मग तो कृषी सेवा केंद्र चालवणारा असो, क्लासवाला असो की लॉजवाला, समाजमाध्यमांचे आकडे ऐकून दबून जातो. करोडो लोक तिकडे आहेत, आपण रोज तिथं दिसलंच पाहिजे, नाहीतर मागे पडू, ही धास्ती त्याच्या मनात पक्की बसलेली असते. मोठ्या आकड्यांची आपल्याला सवय आहे. आपण ते दरवर्षी पेरतो. प्रश्न एवढाच आहे की त्यातले उगवतात किती.

मोंढ्याजवळच्या एखाद्या कृषी सेवा केंद्राचं घ्या. दुकानदार सकाळी शटर उघडतो, दुपारी बाजार समितीत सौदा निघाला की सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर एका रंगीत चौकटीत टाकून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, स्टेटसवर, फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामवर सोडतो. संध्याकाळी एखाद्या औषधाच्या कंपनीची रील पुढे ढकलतो. दिवसाला दोन पोस्ट धरल्या तर वर्षाच्या ७३० होतात. एकेका पोस्टला फोटो, मजकूर, सोडणं आणि खालच्या प्रश्नांना उत्तरं असं मिळून वीस मिनिटं लागतात असं धरू. हे झाले २४३ तास. आठ तासांचा दिवस मानला तर महिनाभराची पूर्ण मजुरी. वर्षाच्या शेवटी त्या ७३० पोस्टपैकी एकही कुणाला सापडत नाही. त्याच दुकानदाराच्या नावाची वेबसाइटही असते, कुणाच्या तरी आग्रहानं केलेली. तिच्यावर ‘आमच्याविषयी’ नावाचं एक पान असतं, दुसरं काही नसतं.

ही पोस्ट जाऊन पडते कुठं, ते पाहू. यूट्यूबनं २०२५ मध्ये आपल्या विसाव्या वर्षी सांगितलं की तिथं रोज सरासरी दोन कोटी व्हिडिओ चढतात. नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार. तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकानं रोज सहा व्हिडिओ करून टाकले तर हा आकडा गाठता येईल. किनवटपासून देगलूरपर्यंत, एकही दिवस खाडा न करता. वेळेच्या मापानं पाहिलं तर आणखी गरगरायला होतं. काही वर्षांपूर्वीच तिथं दर मिनिटाला ५०० तासांचे व्हिडिओ चढत होते. म्हणजे एका दिवसात सात लाख वीस हजार तास. एवढं सगळं पाहायला कुणी आज बसला आणि त्यानं डोळ्याला डोळा लावला नाही, तर फक्त आजचा माल संपवायला त्याला ८२ वर्षं लागतील.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर मिळून रील रोज वीस हजार कोटी वेळा चालवल्या जातात, हा मेटा कंपनीचा २०२३ चा आकडा. जगात माणसं आठशे कोटी. माणशी २५ रील रोज, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनाही धरून. आपली रील या वीस हजार कोटींमध्ये दोन हजार वेळा चालली तर आपल्याला आनंद होतो आणि तो व्हायलाही हवा, कारण दोन हजार माणसं म्हणजे एक बऱ्यापैकी गाव. पण त्या गावानं आपल्याकडे किती वेळ पाहिलं आणि पुढचं बोट कधी फिरवलं, हे आकड्यात दिसत नाही.

आपले फॉलोअर तरी आपली पोस्ट पाहतात का? २०१४ मध्ये फेसबुकच्याच एका अधिकाऱ्यानं जाहीर लिहिलं होतं की एखादा माणूस फेसबुक उघडतो तेव्हा त्याला दाखवण्याजोग्या सरासरी १,५०० गोष्टी रांगेत उभ्या असतात, आणि त्यांतल्या साधारण ३०० त्याच्यासमोर येतात. पाचातली एक. हे दहा-बारा वर्षांपूर्वीचं. तेव्हा गर्दी आजच्यापेक्षा कितीतरी कमी होती.

आणि पोस्टचं आयुष्य? बिटली नावाच्या कंपनीनं २०११ मध्ये एक हजार लोकप्रिय दुव्यांचा माग काढला होता. एखाद्या दुव्याला एकूण मिळायच्या तेवढ्यांतले निम्मे क्लिक किती वेळात मिळून जातात, हे त्यांनी मोजलं. ट्विटरवर २.८ तास, फेसबुकवर ३.२ तास. यूट्यूबवरून फिरणाऱ्या दुव्यांना थोडं जास्त, ७.४ तास. फेसबुकचा आकडा घेऊन, पुढेही त्याच गतीनं घसरण झाली असं धरलं, तर चोवीस तासांत साडेसात वेळा निम्मं होतं. हजार क्लिक मिळणार असतील तर दुसऱ्या दिवशी याच वेळेला पाच-सहा उरतात. तिसऱ्या दिवशी काही नाही.

बाजारभावाच्या पोस्टला हे अल्पायुष्य शोभतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. काल सर्वसाधारण दर काय निघाला हे आज शेतकऱ्याला फक्त तुलनेपुरतं हवं असतं. उद्याचा सौदा झाला की आजची चौकट संपली. ती संपायलाच हवी, नाहीतर जुनाच भाव ग्रुपमध्ये फिरून माणसाची फसगत होते. त्या पोस्टचं काम एवढंच की दुकानाचं नाव रोज डोळ्यांसमोर यावं आणि हा माणूस खरा भाव सांगतो असा विश्वास बसावा. हे काम मोठं आहे. लेख ते करू शकत नाही. चूक पुढं होते. तीच वीस मिनिटं, तीच चौकट, तोच रंग वापरून दुकानदार अशा गोष्टीही सांगायला जातो ज्या एका दिवसात मरायला नकोत.

अशी एक गोष्ट जवळून पाहू. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलं असेल तर पेरणीआधी त्याची उगवण तपासावी लागते. कृषी खातं दरवर्षी उन्हाळ्यात त्यासाठी मोहीम काढतं. चाचणीला खर्च शून्य. प्रत्येक पोत्यातून, वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बियाणं काढायचं, एकत्र करायचं, आणि त्यातून निवड न करता शंभर दाणे मोजायचे. चांगले दिसतात म्हणून टपोरे उचलायचे नाहीत, इथंच बहुतेकांचं चुकतं. गोणपाटाचा तुकडा भिजवून जमिनीवर पसरायचा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दाण्यात एक-दीड इंच अंतर ठेवून. वरून दुसरा ओला तुकडा झाकायचा, अलगद गुंडाळी करायची, सुतळीनं सैल बांधून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभरानं गुंडाळी उलगडून ज्यांना ठसठशीत कोंब आलेत ते दाणे मोजायचे. शंभरात सत्तर आले तर एकरी ३० किलो बियाणं. पासष्ट आले तर सव्वाबत्तीस किलो. साठ आले तर ३५ किलो. हिशेब सोपा: ३० ला ७० नं गुणायचं आणि आलेल्या उगवणीनं भागायचं. साठाच्या खाली गेलं तर ते बियाणं पेरूच नये असा सल्ला देतात.

यातलं एकही वाक्य गाळलं तर चाचणी फसते. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ. पोती आपटली, थप्पी उंच लागली, मळणीयंत्राचा वेग जास्त झाला तर आतला कोंब दुखावतो आणि दाणा वरून तसाच गोरागोमटा दिसतो. हे कारण कळलं तरच माणूस चाचणी करायला तयार होतो. तीस सेकंदांच्या रीलमध्ये गुंडाळी दाखवता येते, कोंब दाखवता येतात आणि ते डोळ्यांना पटकन पटतं. पण तक्ता, कारणं, अंतर, दिवस हे सगळं एका जागी, हवं तेव्हा पुन्हा उघडता येईल असं ठेवायला लेखच लागतो.

आणि याचं महत्त्व किती? २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही, अशा हजारो तक्रारी झाल्या. प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. ज्यांच्यावर दुबार पेरणीची वेळ आली त्यांनी बियाणं, खत, मजुरी आणि ओल, चारही गोष्टी दुसऱ्यांदा मोजल्या. मघाचे २४ हजार कोटी दाणे आठवा. जिल्हाभर उगवण सत्तरऐवजी साठ टक्के निघाली तर आणखी २,४०० कोटी दाणे मातीत कुजले. एका तक्त्याची ताकद या आकड्याशी लावून पाहायला हवी.

असा लेख कुणी वाचेल का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर द्यायला आणखी काही आकडे लागतात, आणि त्यांतले काही निराश करणारे आहेत.

गूगलवर वर्षाला पाच लाख कोटींहून जास्त शोध घेतले जातात, असं कंपनीनं २०२५ मध्ये सांगितलं. दिवसाचे सुमारे १,३७० कोटी. दर सेकंदाला दीड लाखाच्या वर. रोजच्या शोधांपैकी १५ टक्के असे असतात जे आधी कुणीच कधी विचारलेले नसतात, असंही गूगल गेली कित्येक वर्षं सांगत आलं आहे. म्हणजे रोज दोनशे कोटी नवे कोरे प्रश्न. विचारणाऱ्यांची वाण नाही.

उलट बाजू अशी. एचरेफ्स या कंपनीनं २०२३ मध्ये सुमारे १,४०० कोटी वेबपानांचा अभ्यास केला. त्यांतल्या ९६.५५ टक्के पानांवर गूगलवरून एकही माणूस येत नव्हता. आणखी १.९४ टक्के पानांवर महिन्याला एक ते दहा माणसं. हजार पानं लिहिली तर महिन्याला दहापेक्षा जास्त वाचक मिळणारी पानं पंधरा. शिवाय लिहिलेलं टिकतंच असंही नाही. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये पाहिलं तर २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी नाहीशी झाली होती. कुणी डोमेनचे पैसे भरले नाहीत, कुणी साइट नवी केली आणि जुनी पानं टाकून दिली.

तर मग लेख लिहायचा कशाला? कारण ही सरासरी जगाची आहे, आणि जगाची सरासरी मराठीला लागू पडत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख. देशात हिंदी आणि बंगालीनंतर तिसरा क्रमांक. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि वीस-बावीस वर्षांत तिथं लेख जमले ते एक लाखाच्या आसपास. आठशे-साडेआठशे माणसांमागं एक लेख, आणि त्यांतलेही कित्येक दोन-चार ओळींचे. इंग्रजी विकिपीडियावर लेख सत्तर लाख. इंग्रजीत सोयाबीनच्या उगवणीवर लिहायला बसलात तर विद्यापीठं, बियाणं कंपन्या आणि सरकारी खात्यांची शेकडो पानं आधीच पुढं उभी असतात. मराठीत, त्यातही औसा-निलंग्याच्या भारी जमिनीवर, देगलूर-मुखेडच्या हलक्या रानावर, आपल्या भागात यंदा मिळणाऱ्या वाणांवर, कारणांसकट आणि तक्त्यासकट लिहिलेलं नीट पान शोधून पाहा. हाताची बोटं पुष्कळ होतील. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडं ज्ञान भरपूर आहे, पण ते बहुतेक वेळा पीडीएफमध्ये बंद असतं. शेतकरी विचारतो ते त्याच्या बोलीत: एकरी एक बॅग पुरते का, पाऊस किती झाल्यावर पेरावं, घरचं बियाणं किती वर्षं चालतं. या प्रश्नाच्या शब्दांत उत्तर लिहिणारा माणूस हजारातल्या त्या पंधरांमध्ये बसण्याची शक्यता खूप वाढते. आपल्या भाषेतली ही उणीव मला मनापासून सलते, आणि तीच आज इथल्या छोट्या दुकानदारासाठी मोकळी जागा आहे, हेही तितकंच खरं.

क्लासवाल्यांची गोष्ट जरा वेगळी. नीट परीक्षेला २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांवर मुलं बसली. लातूर जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या जवळ जाणारी ही संख्या, आणि एमबीबीएसच्या जागा देशात सव्वा लाखाच्या आत-बाहेर. निकालाच्या दिवशी लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडमध्ये मुलांचे फोटो, गुण आणि अभिनंदनाच्या पोस्टचा पूर येतो. त्या दिवसाची ती गरजच असते. मुलाचा फोटो पाहून आईवडिलांना होणारा आनंद खरा असतो, आणि पुढच्या वर्षीचे पालकही तोच फोटो पाहून फोन करतात. पण दुसऱ्या दिवसापासून चार महिने पालक विचारत असतात ते वेगळंच. या गुणांना कुठलं कॉलेज मिळेल, प्रवेशफेरी कशी भरायची, कागदपत्रं कोणती, जातवैधता नसेल तर काय. त्याचं उत्तर देणारं सविस्तर पान ज्यानं लिहून ठेवलं, त्याच्याकडं पालक दरवर्षी येतात.

लेखालाही मात्र निगा लागते. राज्यात वैद्यकीय प्रवेशासाठी ७०:३० चं प्रादेशिक सूत्र होतं. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, तीस टक्के बाहेरच्यांना. मराठवाड्यात महाविद्यालयं कमी, त्यामुळं इथल्या मुलांवर अन्याय होतो अशी जुनी तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झालं. घोषणा करणारे तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख हे लातूरचेच आमदार. त्या आठवड्यात एखाद्या क्लासनं आपलं प्रवेशाचं पान बदललं नसेल, तर गूगलवर वर दिसणारं तेच पान पालकांना चुकीची वाट दाखवत राहिलं. पोस्ट चुकली तर दोन दिवसांत विसरली जाते. लेख चुकला तर चूकही वर्षानुवर्षं टिकते. म्हणून लेख कमी लिहावेत, पण प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी हात लावावा.

लातूर आणि नांदेड या दोन शहरांचं नाव शिक्षणात झालं, ते तर रील आणि ब्लॉगच्या कितीतरी आधी. लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. जनार्दन वाघमारे तिथले प्राचार्य, पुढं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द गावोगावी पोचला तो एकेका पालकानं दुसऱ्याला सविस्तर सांगितलं म्हणून: किती चाचण्या, किती वाजता अभ्यास, चूक झाली तर शिक्षक कसं पुन्हा करून घेतात. ऐकणाऱ्याला तपशील मिळाला म्हणून त्यानं मुलगा दोनशे किलोमीटर लांब पाठवला.

नांदेडच्या लॉजवाल्यांना तर याहून मोठं क्षेत्र मोकळं आहे. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, तख्त सचखंड श्री हजूर साहिब, इथं आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचं इथंच निर्वाण झालं. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस सुमारे दोन हजार किलोमीटर धावून नांदेडला येते. त्या गाडीतल्या कुटुंबाचे प्रश्न दरवर्षी तेच असतात: स्टेशनपासून गुरुद्वारा किती लांब, यात्री निवासात जागा नाही मिळाली तर कुठं उतरायचं, वयस्कर माणसाला चालावं किती लागेल, दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीला गर्दी कशी असते. याचं उत्तर पंजाबीत आणि हिंदीत लिहिलेलं एक चांगलं पान पाहिजे. खोलीचा फोटो आणि ‘बुकिंग सुरू’ असं लिहिलेली पोस्ट लुधियानातल्या त्या कुटुंबापर्यंत पोचतच नाही.

हे सगळं नवं आहे असं वाटत असेल तर शंभर वर्षं मागं जाऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांनी लोखंडी नांगर विकायला घेतले, तेव्हा लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. नुसत्या जाहिरातीनं ती जाणार नव्हती. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याचं घरगुती पत्रक, संपादक शंकरराव किर्लोस्कर. यंत्रांची माहिती, गिऱ्हाइकांचे अनुभव, आणि हळूहळू उद्योग, समाज, विज्ञान, साहित्य. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक उभं राहिलं, १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. आज ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात त्याचं एवढं मोठं उदाहरण मराठीत आहे, आणि आपण ते शिकायला परदेशी पुस्तकं उघडतो. शंकररावांनी जाहिराती थांबवल्या नाहीत. जाहिरात नाव सांगत होती, मासिक मन वळवत होतं, आणि घरात महिनोन्‌महिने राहत होतं.

आता दुकानदाराचे २४३ तास पुन्हा घेऊ. पोस्ट आणि लेख यांना वेळ निम्मा-निम्मा वाटून द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. वाटणी आयुष्याप्रमाणं करावी. भावाची पोस्ट रोज एकच, दहा मिनिटांत: वर्षाचे ६१ तास. महिन्याला एक लेख, दुकानात वारंवार येणाऱ्या एकाच प्रश्नावर, आठ तास लावून: ९६ तास. बाराही जुने लेख वर्षातून एकदा दोन-दोन तास बसून तपासायचे: २४ तास. उरले ६२. त्या वेळात प्रत्येक लेखातून पाच-सहा रील, चौकटी, आवाजी मेसेज काढायचे आणि आलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. नव्या पोस्टसाठी विषय शोधत बसावं लागत नाही. लेख हेच कोठार. आवाजी मेसेज मी मुद्दाम लिहिलं. आमच्याकडं अनेक कर्त्या शेतकऱ्यांना वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला व्हॉट्सॲपइतकं चांगलं साधन नाही. जो लेखाचा कैवार घेताना रीलला हलकं मानतो, त्यानं बांधावर जाऊन पाहावं.

पहिल्या वर्षी लेख हरेल, हेही सांगून ठेवतो. चांगली रील एका संध्याकाळी दोन हजार माणसांपुढं जाते. उगवणीचा लेख हंगामाच्या चाळीस दिवसांत दिवसाला वीस जण जरी वाचू लागले तरी वर्षाचे आठशेच. पण पुढच्या मेमध्ये ते पुन्हा येतात, त्याच्या पुढच्या मेमध्येही. पाच वर्षांत चार हजार, आणि त्यातला प्रत्येक जण स्वतः शोधत आलेला, हातात बियाणं घेऊन बसलेला. रील पाहणारा वाटेत भेटलेला असतो.

एक नवं संकट उभं राहिलं आहे. गूगल आता प्रश्नाचं उत्तर स्वतःच यंत्राकडून लिहून वर दाखवतं. प्यू रिसर्च सेंटरनं अमेरिकेत मार्च २०२५ मधल्या शोधांचा अभ्यास केला. असा सारांश नसताना लोक १५ टक्के वेळा खालच्या एखाद्या दुव्यावर जात होते, सारांश आला की ८ टक्के. जवळपास निम्मं. सगळीकडं मिळतं तेच पुन्हा लिहिणाऱ्याचं यात नुकसान ठरलेलं आहे. यंत्राकडं नसलेलं लिहिणाऱ्याला अजून जागा आहे: यंदा दुकानात तपासलेल्या वीस पोत्यांची उगवण किती निघाली, कुठल्या वाणाला खोडमाशी जास्त लागली, निलंगा तालुक्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खंड पडला तेव्हा काय झालं. हे आकडे फक्त त्या दुकानदाराच्या वहीत असतात. दोनशे कोटी नव्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं जगात दुसरीकडं कुठंच नाहीत.

वेळापत्रकाचं एवढंच. नवं पान गूगलच्या नजरेत भरायला आठवडे जातात, म्हणून उगवणीचा लेख मार्चअखेर लिहून झालेला हवा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घरोघर बियाणं चाळायला निघतं, तेव्हा गोणपाटाच्या गुंडाळीची रील आणि तीत लेखाचा दुवा. मेमध्ये दुकानात गुंडाळ्या बांधून ठेवायच्या आणि त्यांचे निकाल लेखात भरत जायचे. सात-आठ जूनला मृग निघाला की रोजच्या भावाच्या पोस्टमध्ये एक ओळ वाढवायची: आपल्या मंडळात आजवर किती मिलिमीटर पाऊस झाला. सोयाबीन पेरायला ७५ ते १०० मिलिमीटर लागतात. चाळीसच झाला असेल तर पोस्टमध्ये ‘थांबा’ असं ठळक लिहायचं, आणि का थांबायचं ते वाचायला लेखाचा दुवा द्यायचा.